मागचे कापड

फळांचे चित्र काढायला बसलेला माणूस नेमके काय करीत असतो, हा प्रश्न वरवर पाहता फारसा मोठा नाही. बाजारातून चार फळे आणावीत, खोक्यावर मांडावीत, मागे एखादे कापड सोडावे आणि समोर बसून ती कागदावर उतरवावीत. शाळकरी पोरांना घालून देण्याजोगा हा धडा. माणसांचे एवढे प्रश्न पडले असताना दोन पेरू आणि एक संत्रे यांच्यासाठी दिवाळी अंकाची पाने कशाला अडवायची, असे एखाद्या वाचकाला वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत असे. पण माझ्या लहानपणी एक संत्रे असे येऊन गेले की त्याने पुढे आयुष्यभर मला एकच प्रश्न विचारला: फळाकडे पाहायला शिकलेला माणूस माणसाकडेही नीट पाहू लागतो काय? या प्रश्नाला मी कित्येकदा ‘होय’ म्हटले आहे आणि कित्येकदा ‘नाही’. ती सगळी उत्तरे पुन्हा एकदा ताडून पाहावीत, असे आज मनात आहे.

गोष्ट १९६१ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. तालुक्याच्या गावी, शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत, इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या आम्हा दहा-बारा मुलांचा सकाळचा जादा वर्ग चाले. मास्तरांनी पहिल्या दिवशी एक देवदारी खोका उपडा ठेवला, मागच्या भिंतीवरच्या दोन खिळ्यांना घरून आणलेले जुने निळे इरकली लुगडे अडकवले आणि त्याचाच पदर पुढे ओढून खोक्यावर पसरला. त्या पदरावर दोन पेरू, केळ्यांची एक लहान फणी, एक संत्रे आणि जरा मागे पितळेचा तांब्या. खिडकी डाव्या अंगाला. मास्तर चार वेळा मागे सरले, डोळे बारीक करून पाहिले, पुढे येऊन पेरू बोटभर सरकवला, कापडाची एक चुणी उचलून सोडली आणि पुन्हा मागे सरले. मग खिशातला खडूचा तुकडा काढून त्यांनी प्रत्येक वस्तूभोवती कापडावर बारीक रेघ ओढली. “कुणाचा धक्का लागला तरी पुन्हा तिथंच ठेवता येईल,” असे म्हणून त्यांनी हात झटकले.

चित्र सुरू करण्यापूर्वी घटकाभर नुसते पाहत बसायचे, असा त्यांचा दंडक होता. “संत्रं नारिंगी असतं हे आधी विसरा,” ते म्हणत, “आणि समोर काय दिसतं ते मला सांगा.” आम्ही पाहू लागलो. हळूहळू कळू लागले की खिडकीकडच्या अंगाला ते संत्रे जवळजवळ पांढरे आहे. खाली पिवळे, मग नारिंगी, मग विटकरी होत गेले आहे. आणि सावलीच्या अगदी कडेला, आता हे संपले असे वाटते तेथे, पुन्हा एक मंद उजेड आहे आणि त्यात निळसर करडी छटा मिसळलेली आहे. ती छटा संत्र्याची नव्हे, लुगड्याची. कापडावर पडलेला उजेड उलटून फळाच्या पोटाला लागला होता. हे पहिल्यांदा दिसले तेव्हा मला जो आनंद झाला, तो अजून आठवतो. तेरा वर्षे मी संत्री खात आलो होतो, आणि पाहिले त्या दिवशी प्रथमच.

आणखी एक गोष्ट घडली. दुसऱ्या दिवशीपर्यंत ती फळे माझ्या लेखी खाण्याची वस्तू राहिलीच नाहीत. पेरूचा घमघमाट खोलीभर सुटलेला होता, पण माझ्या तोंडाला पाणी सुटत नव्हते. पेरू म्हणजे हिरव्यातून पिवळ्यात वळणारा एक घाट, केळी म्हणजे पाच वाकड्या रेघा, असे झाले होते. आपण काहीतरी वेगळे, वरच्या पायरीचे झालो आहोत, असे मला वाटू लागले.

पुढे कॉलेजात वाचन वाढले तेव्हा या अवस्थेला मोठमोठी नावे आहेत हे समजले. सौंदर्याचा आनंद हा निरिच्छ असतो, वस्तू आपल्याला मिळावी ही इच्छा त्यात नसते, असे कान्टने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मांडले आहे. आपल्याकडे मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या भाषेत कलाकृतीचा उलगडा केला. त्या दृष्टीने पाहिले तर चित्रातले संत्रे हे संत्रे आहे म्हणून महत्त्वाचे नसते, शेजारच्या निळ्याशी त्याचे जे नाते जुळते त्यामुळे महत्त्वाचे असते. आणि गीता घराघरांतून वाचली जाते अशा प्रांतात वाढलेल्या मुलाला फलत्याग हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. समोर फळ आहे, हात जात नाही, डोळा मात्र तृप्त आहे. त्याग म्हणतात तो याहून निराळा काय असणार, असे मला वाटे. या विचाराने मी स्वतःवर पुष्कळ खूश असे. खूश राहण्यात एकच अडचण होती, ती त्या वर्गाच्या तिसऱ्या दिवसाची.

पण त्याआधी दुसऱ्या दिवशीचे मास्तरांचे एक वाक्य सांगितले पाहिजे. माझे चित्र जवळजवळ पुरे झाले होते. मास्तर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “संत्रं छान उतरलंय रे. पण कापड तू पाहिलंच नाहीस, नुसतं भरलंस.” मला राग आला. कापड ते कापड. ते मागे असते. त्याचे काम फळे उठून दिसावीत एवढेच. मी निळा रंग पातळ करून एका दमात सगळीकडे पसरला होता आणि वर चार गडद रेघा ओढून चुण्या दाखवल्या होत्या. त्या लुगड्याला मधोमध दंड घातलेला होता. विरलेला भाग कापून टाकून उरलेले दोन तुकडे जोडले की जी आडवी शिवण येते, ती बरोबर संत्र्याच्या खाली दोन बोटांवरून गेली होती. ती मी मुद्दाम काढली नव्हती. चित्रात शिवण कशाला? ती कुणाच्या तरी घरातली अडचण. चित्राशी तिचा काय संबंध?

माझ्या शेजारी एक मुलगा बसे. तो आमच्या शाळेचा नव्हता, बाहेरगावाहून येई. अबोल होता आणि कामाला फार संथ. आम्ही सगळ्यांनी आधी फळे काढली, त्याने सुरुवातच कापडापासून केली होती. एकेक चुणी, तिची उजेडाची बाजू, अंधाराची बाजू, असे त्याचे चालले होते. दोन दिवस झाले तरी त्याच्या कागदावर फळांच्या जागा पांढऱ्या होत्या. हा दोन दिवस नुसते लुगडेच धूत बसला आहे, अशी आम्ही आपसात थट्टा करीत असू. दोन दिवस त्याचे कोपर माझ्या कोपराला लागत होते. मी त्याला त्याचे गाव विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आत आलो तर संत्रे नव्हते. पदरावर खडूचे वर्तुळ होते आणि त्याच्या आत कापड जरासे दबलेले होते. मुलांत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात शेजारच्या मुलाने टाचणी घेण्यासाठी माझ्यासमोरून हात नेला, आणि त्याच्या बोटांना सालीचा वास आला. संत्र्याच्या सालीतले तेल किती चिवट असते हे सर्वांना ठाऊक आहे. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “मास्तर, ह्याच्या बोटांना वास येतोय बघा!”

हे मी का बोललो? चोरी उघडकीस आणावी म्हणून नव्हे. माझे संत्रे अजून थोडे व्हायचे होते. त्या निळसर कडेवर मला आणखी एक हात फिरवायचा होता. माझ्या चित्रातली वस्तू गेली, एवढेच मला दिसत होते.

त्या मुलाने मान खाली घातली. मास्तर काही क्षण गप्प राहिले. मग ते सगळ्या वर्गाकडे पाहून नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “संत्रं नाही. जे आहे ते काढा.” आणि फळ्याकडे वळले. आम्ही कोणीच ते ऐकले नाही. सगळ्यांची संत्री काढून झालेली होती आणि ती पुसायला कोणी तयार नव्हते. त्या मुलाने मात्र ऐकले. आपल्या कागदावरच्या पांढऱ्या जागेत त्याने दबलेले कापड रंगवले, त्याभोवती खडूची रेघ काढली, आणि खाली दोन बोटांवरून जाणारी ती दंडाची शिवण, टाके दिसतील अशी, काढली. वर्ग सुटला तेव्हा मास्तरांनी चाकू आणून उरलेल्या फळांच्या फोडी केल्या आणि सर्वांच्या हातांवर ठेवल्या. मी मिटक्या मारीत खाल्ल्या. त्याने घेतली की नाही, मी पाहिले नाही. चौथ्या दिवशी तो आला नाही, आणि पुढेही कधी आला नाही.

त्याला भूक लागली होती की नुसता मोह झाला होता, हे मला आजही सांगता येत नाही. त्याला गरीब ठरवून या गोष्टीवर करुणेचा मुलामा चढवण्याचा मला अधिकार नाही. पण एक गोष्ट मला पुढे स्पष्ट दिसली. तीन दिवस ज्या निरिच्छपणाचा मला अभिमान वाटत होता, तो घरून निघताना खाल्लेल्या चकल्या-करंज्यांवर उभा होता. माझे पोट भरलेले होते म्हणून माझा डोळा मोकळा होता. कान्टनेही हे जाणले होते. गरज भागल्यावरच कोणाला रुची आहे आणि कोणाला नाही हे कळते, असे त्याच ग्रंथात तो म्हणतो. मी त्यातले सोयीचे तेवढे उचलले होते. ज्याला फळ मिळणारच आहे त्याने ते घटकाभर न घेणे आणि ज्याला ते मिळण्याची खात्री नाही त्याने न घेणे, या दोहोंना फलत्याग हा एकच शब्द लावणे हे मला आता अप्रामाणिकपणाचे वाटते.

फळ आणि कापड यांची एक फार जुनी गोष्ट आहे. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने ती इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवली. झ्यूक्सिस आणि पारासिअस या दोन ग्रीक चित्रकारांत पैज लागली. झ्यूक्सिसने द्राक्षे काढली. ती इतकी हुबेहूब की पाखरे येऊन चोची मारू लागली. विजयाच्या आनंदात तो पारासिअसला म्हणाला की आता तो पडदा दूर कर आणि तुझे चित्र दाखव. पण पडदा हेच चित्र होते. झ्यूक्सिसने हार मानली: मी पाखरांना फसवले, याने मला फसवले.

ही गोष्ट सहसा हुबेहूबपणाची गोष्ट म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. झ्यूक्सिस हा पाहण्यात मुरलेला माणूस. तरी तो फसला, कारण कापड हे पाहायचे नसते, बाजूला सारायचे असते, असे त्याने आधीच ठरवून टाकले होते. पाहण्याजोगे जे असेल ते कापडाच्या पलीकडे. फळाने भुकेलेली पाखरे फसतात. कापडाने जाणकार फसतो.

प्लिनीने त्याच झ्यूक्सिसची आणखी एक हकीकत दिली आहे. ती फारशी सांगितली जात नाही. पुढे त्याने द्राक्षे घेऊन चाललेल्या एका मुलाचे चित्र काढले. पाखरे याही द्राक्षांवर आली. लोकांनी वाहवा केली, पण झ्यूक्सिस स्वतःवर रागावला. द्राक्षे मुलापेक्षा चांगली उतरली, असे तो म्हणाला. मुलगाही तसाच उतरला असता तर पाखरे भ्याली असती.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला स्वतःच्या चित्रात जे दिसले ते मला माझ्या शेजारी दिसले नव्हते. संत्र्याच्या सावलीतला निळा मला दिसला. ज्याच्या बोटांना त्याचा वास आला तो मुलगा मला दिसला नाही. तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर ‘नाही’ असे होते. फळ पाहणारा डोळा आपोआप माणूस पाहत नाही. उलट, फळ फार चांगले दिसते या घमेंडीत माणूस निसटून जाण्याचाच संभव अधिक.

या उत्तराला आधारही सापडतो. सेझानच्या सफरचंदांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. फळे मांडताना तो त्यांच्याखाली नाणी सरकवून त्यांना हवा तसा कल देई. काम इतके सावकाश की फळे सडून जात. १८९९ साली त्याने वोलार या चित्रविक्रेत्याचे व्यक्तिचित्र काढायला घेतले. वोलारने स्वतः सांगितले आहे की त्याला एकशे पंधरा वेळा बसावे लागले; एकदा डुलकी लागून तो हलला तेव्हा सेझानने त्याला झापले की सफरचंदासारखे बसायला हवे, सफरचंद काही हलत नाही. अखेरीस चित्र अपुरे टाकून सेझान निघाला तेव्हा, शर्टाची पुढची बाजू काही अगदीच वाईट झाली नाही, एवढेच समाधान त्याने बोलून दाखवले. माणूस समोर बसून राहिला आणि हाती लागले ते कापड! ही गोष्ट मी मित्रांना हसून सांगत असे. हसण्यामागे थोडी स्वतःची सोडवणूकही असे: एवढ्या थोराचे जर असे, तर तेरा वर्षांच्या पोराचे काय?

पण हे उत्तर मला फार दिवस पुरले नाही. कारण सेझानची चित्रे पाहताना मी मास्तरांचे वाक्य विसरलो होतो. त्याच्या फळांच्या चित्रांत कापड मागे नसतेच. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात त्याचे सफरचंदे आणि संत्री यांचे १८९९ च्या सुमाराचे एक चित्र आहे. त्यात पांढरे कापड डोंगराच्या उतारासारखे उभे राहते, नक्षीदार कापडे त्याला भिडतात, आणि फळे त्या घड्यांत वस्ती करून राहिल्यासारखी दिसतात. शिकागोच्या संग्रहालयातल्या सफरचंदांच्या टोपलीच्या चित्रात तर कापडाच्या डावीकडची आणि उजवीकडची टेबलाची कड एका रेषेत नाही. मोडलेल्या त्या टेबलाला कापडानेच सांधले आहे. मला त्यात दंड घातलेले लुगडे आठवते.

कापडाचे हे महत्त्व केवळ चित्रकाराच्या मर्जीचे नाही, ते डोळ्याच्या घडणीतच आहे. शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोब्लाँ या गालिच्यांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तेव्हा काळ्या रंगात काही खोट निघाली नाही. शेजारी निळी-जांभळी लोकर होती म्हणून काळी तशी दिसत होती. एक रंग शेजारच्या रंगाला बदलतो, हा नियम त्याने पुढे १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. निळ्याशेजारी नारिंगी अधिक नारिंगी होते. तेच नारिंगी तांबड्यावर ठेवले की पिवळट दिसते. म्हणजे माझे संत्रे ज्या तेजाने झळकत होते त्यातले अर्धे त्या लुगड्याने दिलेले होते. वर सावलीच्या कडेला त्याचा निळा होता तो वेगळाच. संत्रे चांगले उतरले आणि कापड पाहिलेच नाही, असे मला वाटत होते तो भ्रम होता. ज्याने कापड पाहिले नाही त्याने संत्रेही पुरते पाहिलेले नसते.

येथे माझे दुसरे उत्तर सुरू होते. माझी चूक मी फळाकडे फार पाहिले ही नव्हे. मी थोडे पाहिले ही होती. नीट पाहणे म्हणजे एका वस्तूवर डोळा रोखून बाकीच्यांना ‘मागचे’ ठरवणे नव्हे. काय पुढे आणि काय मागे हे त्या खोलीत खोक्याने ठरवले नव्हते, मास्तरांनीही नव्हे. ते मी ठरवले होते. त्याच दृष्टीने मी लुगड्याला मागे टाकले, लुगड्यातल्या शिवणीला मागे टाकले, ज्या बाईने ते नेसले आणि विरल्यावर हाताने जोडले तिला मागे टाकले, आणि शेजारच्या मुलालाही त्यांच्यातच ढकलले. आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात अशी माणसे असतात. त्यांच्या निळ्यामुळे आपण नारिंगी दिसतो, आणि तो रंग आपलाच, असे आपण समजून चालतो.

फ्रान्सच्या राजेशाही कला-अकादमीने चित्रांची एक उतरंड लावली होती. १६६७ च्या व्याख्यानांच्या प्रस्तावनेत फेलिबियाँने ती मांडली आहे: फळे, फुले आणि शिंपले काढणारा सगळ्यांत खाली, त्याच्यावर निसर्गचित्रकार, त्याच्यावर जिवंत प्राणी काढणारा, आणि त्याहून वर माणूस काढणारा. माणूस वर, हे बोलायला किती चांगले! पण या उतरंडीच्या शिखरावर जी माणसे चितारली गेली ती बहुतेक राजे, वीर आणि पुराणातल्या देवता. मोलकरणीला तेथे जागा नव्हती. शार्दँला याच अकादमीने १७२८ साली प्रवेश दिला तो प्राणी आणि फळे काढणारा म्हणून, म्हणजे खालच्या पंगतीत. त्या वर्षीच्या त्याच्या एका मोठ्या चित्रात दगडी ओट्यावर पांढरे कापड आहे, त्यावर फळांची रास आहे, आणि खाली मान वर करून पाहणारा एक कुत्रा आहे. दहा वर्षांनी, १७३८ साली, त्याने स्वयंपाकघरातल्या नोकर बाया काढल्या. एक सलगम सोलता सोलता थांबली आहे, कुठेतरी पाहते आहे. तिच्यावर दया दाखवलेली नाही, तिची थट्टा नाही. फळाला आणि कापडाला जितका वेळ दिला तितकाच तिला दिला आहे. शार्दँ फळांपाशी थांबला म्हणून त्याला ती दिसली, असे मी म्हणणार नाही. पण तिच्यापर्यंत जाण्याची वाट त्या ओट्यावरून गेली, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

आणि सेझानवरही मी अन्याय केला होता. १८९० नंतरच्या काही वर्षांत त्याने पत्ते खेळणारी माणसे काढली. ती त्याच्या घरच्या शेतावरची मजूर माणसे होती. त्यांच्या अंगरख्यांना डोंगराचे वजन आहे, त्यांचे हात सफरचंदांसारखे गोल आणि गंभीर आहेत. त्या मजुरांकडे त्याआधी कोणी इतका वेळ पाहिले असेल काय? ‘सफरचंदासारखा बस’ हे वाक्य मी अपमान म्हणून ऐकले. पण सफरचंदाला ज्याने शंभर दिवस दिले, त्याच्या तोंडी तो मानही असू शकतो.

तरीही ‘होय’ असे निखळ उत्तर मला देववत नाही. फळापासून माणसापर्यंत जाणारी वाट आहे. पण ती उतरणीची नाही, आपोआप घरंगळत तेथे जाता येत नाही. वाटेत एकदा थांबून स्वतःला विचारावे लागते की माझ्या या चित्रात मागे कोण आहे? हा प्रश्न रंग विचारीत नाहीत, लयही विचारीत नाही. तो विचारण्याची सवय लावून घ्यावी लागते. कलेने माणूस चांगला होतो, असे मानणाऱ्यांनी आणि कलेचा चांगुलपणाशी संबंधच नाही, असे मानणाऱ्यांनी, दोघांनीही हा मधला टप्पा गाळलेला असतो.

आपल्या घरातही फळ आणि कापड एकत्र येतात. चित्रात नव्हे, ओटीत. खण, नारळ, तांदूळ, एखादे फळ. ओटी भरताना बाई पदर पसरते आणि सगळे त्या पदरात पडते. तेथे कापड मागे नसते. ते घेणाऱ्याचे हात असते. मास्तरांनी त्या दिवशी फळांखाली पसरला होता तो पदरच होता. माझ्या ते ध्यानात आले नाही. पसरलेल्या पदरातून एका मुलाने एक संत्रे उचलले, एवढीच तर ती गोष्ट. तिला चोरीचे नाव मी दिले.

ते चित्र माझ्याजवळ आहे. मास्तर आता नाहीत. कागद पिवळा पडला आहे, पण संत्रे अजून उजळ दिसते आणि घरी येणारे लोक त्याचे कौतुक करतात. मागचा निळा मात्र सपाट आहे. दंडाची शिवण कोठून जायला हवी होती ते मला नक्की ठाऊक आहे: संत्र्याखाली दोन बोटांवरून. ती आता काढून टाकावी असे पुष्कळदा मनात आले. ब्रश भिजवून बसलोही होतो एकदा. पण मी ती काढली नाही. त्या दिवशी मी जे पाहिले नाही ते आज पाहिल्यासारखे दाखवणे बरे नव्हे. जे आहे ते काढा, असे मास्तरांनी सांगितले होते. आणि या चित्रात जे आहे ते तेवढेच आहे.